म्हातारपणाच्या नावावर खपवलेली चाल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरातलं म्हातारं माणूस पाय घासत चालायला लागलं की सगळे एकच सांगतात, ‘वय झालं’. लघवी आवरेनाशी झाली, तरी वयच. पुढे नातवाचं नाव आठवेना, हातातलं काम अर्ध्यावर राहू लागलं, माणूस दिवसभर एका जागी गप्प बसून राहू लागलं, की ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयारच असते. या तिन्ही तक्रारी एकाच माणसात एकत्र आल्या, तर वयाकडे बोट दाखवून मोकळं होण्याचा अधिकार घरच्यांना नाही, डॉक्टरांना नाही आणि सरकारला तर नाहीच, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यामागे असा एक आजार असू शकतो, जो ओळखता येतो आणि वेळेत ओळखला तर बऱ्याच जणांना पुन्हा चालतं करता येतं.

या आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. डॉक्टर त्याला एनपीएच म्हणतात. ‘डोक्यात पाणी झालंय’ असं आपण तान्ह्या बाळाबद्दल ऐकलेलं असतं. बाळाचं डोकंच मोठं होतं, त्यामुळे ते लपत नाही. म्हाताऱ्या माणसाची कवटी वाढत नाही. मेंदूच्या आतले पाण्याचे कप्पे तेवढे फुगतात, आणि मणक्यातून सुई घालून दाब मोजला तर तो जवळपास नेहमीसारखाच निघतो. बोगोटाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी हा आजार ओळखला आणि १९६५ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला आता साठ वर्षं उलटली. स्वीडनमधल्या २०१४ च्या एका पाहणीत सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या हजारात दोघांना आणि ऐंशीपुढच्या शंभरात जवळजवळ सहा जणांना हा आजार असण्याची दाट शक्यता आढळली. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. यांतल्या किती जणांच्या चालीकडे कुणी नीट बघितलं असेल?

या पाण्याबद्दलची शास्त्राची समजूत गेल्या दहा-बारा वर्षांत बदलली आहे, आणि त्या बदलाचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूभोवती, मणक्यात आणि मेंदूच्या आतल्या कप्प्यांत मिळून साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं. रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी बदललं जातं. ते तयार करण्याचं काम मुख्यतः कप्प्यांमधल्या कोरॉइड प्लेक्सस या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या भागाकडे असतं. उसात पाटाचं पाणी तुंबलं की आपण मोरीत काय अडकलंय ते बघतो. मेंदूतल्या पाण्याकडेही वैद्यकशास्त्र अनेक दशकं असंच बघत आलं: निचरा कुठे अडलाय ते शोधा आणि दुसरी वाट काढून द्या.

या चित्रात प्रतिकारयंत्रणेला जागाच नव्हती. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की परकं कातडं मेंदूत बसवलं तर शरीर ते इतर ठिकाणच्यासारखं झपाट्याने नाकारत नाही. तेव्हापासून, मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्याबाहेरचा प्रदेश आहे, अशी समजूत पक्की होत गेली. खरं तर इटलीच्या पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्येच मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातलं जादा पाणी आणि प्रतिकारपेशी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, असल्याचं लिहून ठेवलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या आणि फिनलंडमधल्या अशा दोन गटांनी उंदरांमध्ये त्या वाहिन्या निर्विवाद दाखवल्या. मेंदूतलं पाणी आणि त्यातल्या प्रतिकारपेशी या वाहिन्यांतून मानेतल्या लसीकागाठींपर्यंत जातात. २०१८ मध्ये पुढचं पाऊल पडलं: म्हाताऱ्या उंदरांत या वाहिन्या आक्रसतात आणि निचरा मंदावतो, आणि त्यांना पुन्हा वाढवणारं प्रथिन दिलं की निचरा सुधारतो, उंदरांची स्मरणाच्या चाचणीतली कामगिरीही सुधारते.

निचऱ्याइतकीच गोष्ट पाणी तयार होण्याची आहे. इस्रायलच्या मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की वय झालेल्या उंदरांच्या आणि माणसांच्याही कोरॉइड प्लेक्ससमध्ये, विषाणूशी लढताना दिसतात तसे इंटरफेरॉनचे संकेत कायम चालू राहिलेले असतात. लढाई नसताना सैन्य उभंच. उंदरांमध्ये ते संकेत दाबले तर त्यांची बुद्धी काही प्रमाणात सावरली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांवरच दाखवलं की मेंदूच्या कप्प्यांत रक्तस्राव झाला की प्रतिकारयंत्रणेचा धोक्याचा संकेत कोरॉइड प्लेक्ससपर्यंत पोचतो आणि तो भाग नेहमीपेक्षा जास्त पाणी सोडू लागतो. तो संकेत औषधाने अडवला की पाणी कमी होतं. म्हणजे मोरी तपासून भागत नाही, वरून किती पाणी सुटतंय तेही बघायला हवं, आणि ते ठरवण्यात दाह, म्हणजे प्रतिकारपेशींनी पेटवलेली आग, सामील असते. एनपीएचच्या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यातही दाहाच्या खुणा अनेक अभ्यासांत वाढलेल्या आढळल्या आहेत. त्या आजाराचं कारण आहेत की परिणाम, याचा निकाल अजून लागायचा आहे.

सीमाभागातल्या अनुभवी डॉक्टरांना यातला एक धागा अजिबात नवा नाही. मेंदूच्या आवरणाला क्षय झाला की जंतूंपेक्षाही त्यांच्याविरुद्ध उठलेल्या प्रतिकाराचा चिकट साका मेंदूच्या तळाशी साचतो, पाण्याच्या वाटा बुजतात आणि डोक्यात पाणी होतं. म्हणून क्षयाच्या गोळ्यांबरोबर दाह कमी करणारी स्टिरॉइड द्यावी लागतात. त्यांनी मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममधल्या २००४ च्या चाचणीने सिद्ध केलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि बिड्या वळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या घरांना क्षय म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. असा मेंदूज्वर, डोक्याला लागलेला मार किंवा मेंदूतला रक्तस्राव बरा झाल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी हेच पाण्याचं दुखणं उभं राहू शकतं. तेव्हा चाल बिघडलेल्या माणसाला पूर्वी कधी मेंदूज्वर झाला होता का, डोक्यावर पडला होता का, हे विचारायलाच हवं.

या सगळ्यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की ज्याला आपण म्हातारपण म्हणून हात जोडतो त्याच्या मुळाशी शरीरातली ठरावीक, शोधता येणारी आणि पुढेमागे आवरता येईल अशी प्रक्रिया असू शकते. इटलीचे क्लॉडिओ फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये वयाबरोबर शरीरात धुमसत राहणाऱ्या मंद दाहाला स्वतंत्र नाव दिलं, त्याला आता पाव शतक झालं. दुसरी गोष्ट कोरोनानंतर आपल्या बाजारपेठांत जे सुरू आहे त्याबद्दल आहे. औषधाच्या दुकानापासून आठवडी बाजारातल्या गाड्यापर्यंत ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून काढे, चूर्णं, थेंब विकले जातात आणि पेन्शनीतले पैसे खर्चून म्हातारी माणसं ते घेतात. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हा समज मुळातच चुकीचा आहे. वरच्या दाहाच्या उदाहरणांत त्रास झालाय तो प्रतिकार कमी पडल्याने नाही, नको तिथे आणि नको तितका वेळ चालू राहिल्याने. डोक्यातलं पाणी उतरवणारा काढा अस्तित्वात नाही. तो विकणाऱ्याला गावाने जाब विचारला पाहिजे, कारण त्या बाटलीत गेलेले सहा महिने रुग्णाला परत मिळत नाहीत.

‘हे सगळं उंदरांवरचं संशोधन, माणसाला औषध येईल तेव्हा बघू,’ असं शिकलेली माणसंही म्हणतात. दाहावर नेम धरणारं औषध एनपीएचसाठी आज नाही, हे खरं. पण शस्त्रक्रिया आहे. मेंदूच्या कप्प्यातून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी टाकतात, तिला शंट म्हणतात. किती पाणी जाऊ द्यायचं ते तिच्यातली झडप ठरवते. या नळीचा खरा उपयोग होतो की नुसता मनाचा खेळ, ही शंका इतकी वर्षं घेतली जायची. २०२५ मध्ये ९९ रुग्णांवरची एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांना नळी बसवली, पण निम्म्यांची झडप सुरुवातीला अशी ठेवली की पाणी जवळपास वाहूच नये. आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी ज्यांची नळी वाहती होती त्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला होता, दुसऱ्या गटाचा ०.०३ मीटरने. आकडा लहान वाटेल. पण न्हाणीघरापर्यंत एकटं जाता येणं आणि न येणं यांत एवढंच अंतर असतं. त्याच चाचणीत धोकेही दिसले: वाहत्या नळीच्या गटात मेंदूभोवती रक्त साचण्याचं प्रमाण जास्त होतं. शिवाय काहींची विसराळूपणाची तक्रार सुधारत नाही, कारण अल्झायमर सोबत असू शकतो. हे सगळं घरच्यांना आधी नीट सांगितलं पाहिजे. धोका आहे म्हणून तपासच नको, हे मात्र मला मान्य नाही.

‘गरिबाला परवडणार नाही’ ही सबबही अर्धीच खरी आहे. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारी छाब्रा शंट युगांडामध्ये १९५ मुलांवरच्या अभ्यासात महागड्या परदेशी शंटशी ताडून बघितली गेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात वर्षभरानंतरच्या परिणामांत फरक आढळला नाही. किंमत परदेशी नळीच्या जवळपास विसाव्या हिश्शाएवढीच होती. तो अभ्यास मुलांचा आहे आणि म्हाताऱ्यांना बाहेरून जुळवता येणारी झडप बरी पडते, हे डॉक्टरांचं म्हणणं योग्यच आहे. पण नळी म्हणजे फक्त श्रीमंताची चैन, ही समजूत त्याने मोडते.

खरी अडचण नळीच्या फार अलीकडे आहे, ओळखण्यात. इथे मला बायकांबद्दल जास्त बोलायचं आहे. आमच्याकडच्या आज्ज्या लघवीची तक्रार कुणाला सांगत नाहीत. सून विचारणार नाही, मुलाला सांगायची लाज. कधी सांगितलंच तर ‘बाळंतपणं झाल्यावर व्हायचंच’ असं उत्तर येतं. चाल बिघडली तर गुडघ्यांवर ढकललं जातं, तेलं चोळली जातात, पट्टे बांधले जातात. लुगड्याच्या घोळात पावलं कशी पडतात ते दिसतही नाही. माझ्या नात्यातल्या एका काकूंना याच कारणाने दोन वर्षं गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्यांचे गुडघे दुखत नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं. एनपीएचची चाल थोडी लक्ष देऊन बघितली तर वेगळी कळते. पाय फाकलेले, पावलं आखूड, तळवा जमिनीला चिकटल्यासारखा, पहिलं पाऊल उचलताना अडखळणं, वळताना चार-सहा छोटी पावलं टाकत गोल फिरणं. दुखणं हे तिचं लक्षण नव्हे. पार्किन्सनशी गल्लत होते, पण हातांचा कंप सहसा नसतो, चालताना हात बऱ्यापैकी हलतात आणि पार्किन्सनच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

आता भाषा. स्मृतिभ्रंशाची तपासणी म्हणजे प्रश्नोत्तरं: आज कुठला वार, शंभरातून सात वजा करत या, हे शब्द लक्षात ठेवा, या चित्रातल्या वस्तूंची नावं सांगा. ती परक्या भाषेत झाली की माणूस आहे त्याहून जास्त विसराळू ठरतो, किंवा डॉक्टर ‘भाषा कळली नसेल’ म्हणून खऱ्या विसराळूपणाकडे दुर्लक्ष करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशी भाषांतल्या चाचण्यांचा जो संच तयार केला त्यात पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आणि घरात मराठीच बोलणाऱ्या आजीला कन्नडमधून तपासायचं आणि तिचे गुण कागदावर लिहायचे, हा अन्याय आहे. पुण्याला राहायला गेलेल्या कन्नड आजोबांची कुणी मराठीतून परीक्षा घेतली तर मी त्यांच्याही बाजूने हेच म्हणेन.

पण चालीला भाषा नसते. जमिनीवर दहा मीटरची रेघ मारा, मोबाइलमधलं घड्याळ लावा, किती सेकंद आणि किती पावलं लागली ते मोजा. खुर्चीतून उठून, तीन मीटर जाऊन, वळून परत बसायला किती वेळ लागतो तो मोजा. एनपीएचमध्ये बहुतेकदा चालच आधी बिघडते आणि उपचाराला सगळ्यांत चांगला प्रतिसादही तीच देते. सीमाभागासारख्या दोन भाषांच्या मुलखात म्हाताऱ्यांच्या मेंदूची पहिली तपासणी पायांपासून सुरू करावी, असं मी म्हणतो ते यासाठी. आपल्या गावांत तर ही नोंद लोकांच्या डोळ्यांसमोर असतेच. गेल्या वर्षीपर्यंत दिंडीबरोबर पंढरपूरला पायी गेलेला माणूस यंदा देवळाच्या पायऱ्यांशी अडतो, हे अख्ख्या गल्लीला दिसतं. त्याला नाव कुणी देत नाही एवढंच.

आशाताई घरोघरी जो अर्ज भरून घेतात त्यात साठीपुढच्यांसाठी, उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असे प्रश्न आहेतच. म्हणजे तीनांपैकी दोन लक्षणं सरकार आधीच विचारतं. त्यांच्याजवळ लघवीचा प्रश्न ठेवा, आणि तिन्हींना ‘हो’ आलं तर त्या माणसाचं पुढे काय करायचं ते लिहून द्या. आज ‘हो’ अर्जात पडून राहतं. पुढची पायरी मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय. कप्पे फुगलेले दिसले तर मणक्यातून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून, आधी आणि नंतर चालवून बघतात. चाल सुधारली तर नळीचा उपयोग होण्याची शक्यता बळावते. ‘मणक्यात सुई घातली की माणूस लुळा पडतो’ ही भीती गावागावांत आहे. ती मराठीतून आणि कन्नडमधून, शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावून काढावी लागेल. पाणी काढण्याआधीची आणि नंतरची चाल मोबाइलवर टिपून घरच्यांना दाखवली तर कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ते जास्त पटेल.

माहिती मराठीत द्या ही मागणी राजकीय ठरवून बाजूला सारली जाते, म्हणून आधीच सांगतो. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशाने मान्य केलेलं संरक्षण आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या घरात होती आणि मराठी भाषकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर होतं. आरोग्याच्या प्रश्नावलीपेक्षा महत्त्वाची सूचना दुसरी कोणती?

आणि आता दोन राज्यांबद्दल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ द्यायचं ठरवलं. कर्नाटकाने त्याला तीव्र विरोध केला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या भावना त्या प्रश्नात कुठे आहेत हे लपवण्याचं कारण नाही, मी इथलाच मराठी माणूस आहे. पण ऐंशीच्या माणसाला निकालापर्यंत थांबता येत नाही. आमच्या गावांतला रुग्ण आज बेळगावला जातो, उद्या मिरजेला, परवा कोल्हापूरला, तिथून हुबळीला. प्रत्येक ठिकाणी नव्याने केसपेपर, नव्याने स्कॅन, आणि प्रत्येक वेळी कुठल्या राज्याचं कार्ड हा पहिला प्रश्न. योजनांचा भर शस्त्रक्रियेवर असतो, पण या आजारात शस्त्रक्रियेच्या आधीची तपासणी, म्हणजे स्कॅन, पाणी काढून चालवून बघणं, दोन दिवस दवाखान्यात राहणं, हीच घरच्यांना जड जाते आणि तिथेच ते मागे फिरतात. दोन्ही सरकारांनी आपापल्या योजनेत ही तपासणी धरावी आणि एकमेकांच्या सरकारी दवाखान्यातला स्कॅन ग्राह्य मानावा. यात कुणाचीही एक इंच जमीन जात नाही.

कर्नाटकाने बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेच्या मदतीने २०२२ मध्ये मेंदूच्या आरोग्याचा राज्यव्यापी उपक्रम हाती घेतला, ही चांगली सुरुवात आहे आणि तिचं मी मनापासून स्वागत करतो. त्या उपक्रमाने बेळगाव जिल्ह्यात सीमेवरच्या तालुक्यांपासून, दोन्ही भाषांतून आणि चालीच्या चाचणीपासून काम सुरू करावं. ग्रामपंचायतींनी त्यासाठी थांबूही नये. पंचायतीच्या सभागृहात दहा मीटर जागा असते. येत्या ग्रामसभेत साठीपुढच्या सगळ्यांना बोलवा, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर समोर असू द्या, बायकांसाठी वेगळी वेळ आणि बाई विचारणारी ठेवा, आणि ज्यांच्या तिन्ही उत्तरांना ‘हो’ येईल त्यांची चिठ्ठी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या नावाने लिहून घ्या.